येसर, आंबील आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी काही नवा पदार्थ शिकवायला उभी नाही. आपल्या घरी जे होत आले आहे, तेच जपून ठेवावे, एवढी विनंती करायची आहे.

आपला मुलूख कमी पावसाचा. मांजरा नदीवर आपल्याच तालुक्यात धनेगावला धरण आहे, तरी पावसाने पाठ फिरवली की पाण्याचे हाल ठरलेले. अशा मुलखातल्या बायकांनी जे अन्न रचले, त्यात चैन नाही, पण हिशेब बारीक आहे.

येसरच पाहा ना. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, लवंगा, मिरे हे सारे वेगवेगळे भाजून दळायचे. भाजल्याने ओल जाते, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकते. पीठ आधीच भाजलेले, त्यामुळे पाण्यात कालवून फोडणीवर ओतले की आमटी चटकन दाटते. डाळ शिजवायला नको, जळणही थोडे. लग्नाच्या पंगतीत पाने वाढली तरी घरची बाई डगमगत नाही. ऊसतोडीच्या फडावर तीन दगडांच्या चुलीवर घाईने कोरड्यास करणाऱ्या बाईला तर असे पीठ म्हणजे मोठाच आधार.

तीच गोष्ट आंबिलीची. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून शिजवले की पोटाला थंडावा. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे आणि आपल्याही भागात शेतात कडब्याची कोप करतात. तेथे आंबिलीबरोबर बाजरीचे उंडे आणि भज्जी असते. शिवारात जे ओले दाणे, जो पाला मिळेल, तो त्या भज्जीत पडतो, आणि वाटसरूलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

भगिनींनो, १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशची तांबडी मिलो आली. तिच्या भाकरीवर आपल्या थोरल्या बायकांनी लेकरे जगवली. पुढे खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. पाहुणे आले की भाकरी झाकून पोळी वाढायची, असेही कित्येक घरी झाले. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातल्या लोकांना ज्वारीचे कौतुक वाटू लागले. आपल्याला मात्र ती कधीच परकी नव्हती.

धान्य बाजारात मिळेल. पण कोणते किती भाजायचे, वास कसा आला की खाली उतरवायचे, हे आजीबाईंच्या हातात आहे, कागदावर कोठेच नाही. आजी गेली की ते माप गेले. प्रत्येक घरचे माप निराळे, म्हणून एकीचे लिहून भागत नाही.

तेव्हा मंडळाने एक वही घालावी. दर सभेला एका थोरल्या बाईंनी आपले येसर, धपाटे किंवा सांडगे करून दाखवावेत. लेकी-सुनांनी शेजारी बसून वाटीच्या मापाने लिहून घ्यावे आणि खाली त्या बाईंचे नाव घालावे. आजवर या कामाखाली कोणी आपले नाव लिहिलेले नाही.

पहिल्या पानासाठी मी माझ्या सासूबाईंना विचारून ठेवले आहे. दुसऱ्या पानाला कोण येते, ते आजच सांगा.