फौजेतून घरी येताना

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणकक्षेत्रातली माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीबद्दल बोलणार आहे. भाषण तिला आधी वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिने खोडायला लावली, बाकीचं राहू दे म्हणाली. तुम्ही सगळे तिला ओळखता. छापताना नाव नको, एवढीच तिची अट.

मागचा मेळावा झाला तेव्हा तिला फौजेतून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आपण फटाक्यांची माळ लावून तिचं स्वागत केलं. आठवतंय? मग स्टेजवर बोलावून तिला सॅल्यूट करायला लावला. कुणीतरी विचारलं, “किती अतिरेकी मारलेस गं?” सगळे हसले, मीही हसले. जेवणाआधीच ती निघून गेली. “मोठी ऑफिसर झाली ना, आपल्यात कशाला बसेल,” हे वाक्य माझं होतं. आज तिच्यासमोर ते कबूल करते.

आपला सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ लागतं. गावात सुभेदार निवृत्त होऊन आला की पारावर त्याची जागा ठरलेली असते. चार माणसं त्याला विचारून निर्णय घेतात. बाई परत आली की तिची जागा कुठली? तिच्या घरी पहिल्याच आठवड्यात सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, “झालं ना आता सगळं, आता घरात लक्ष घाल.” एका कार्यालयात माजी सैनिकाच्या कामासाठी गेली, तर समोरच्याने विचारलं, “साहेबांचं नाव सांगा.” साहेब तीच होती.

भारतीय सैन्यात वैद्यकीय आणि परिचर्या सेवा सोडून इतर शाखांमध्ये स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या त्या १९९२ पासून. आधी ५ वर्षांची सेवा, मग वाढवून १०, मग १४. पेन्शनला मात्र २० वर्षं लागतात. कायमस्वरूपी कमिशनचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२० रोजी आला, तोही तेव्हा सेवेत असलेल्या स्त्रियांसाठी. आपली मैत्रीण २०१६ मध्येच बाहेर पडली होती. वय ३७, पेन्शन नाही, आणि पुढे काय हे कुणी शिकवलेलं नाही.

खरं काय ते मला कळलं कासच्या सहलीत. आम्ही तीन गाड्या घेऊन निघालो होतो. तिसरी गाडी चहासाठी मागे थांबली. हिने तीन फोन केले, मग गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून वळणाकडे बघत उभी राहिली. हात थरथरत होते. मी म्हटलं, “अगं, येतील की!” त्यावर ती पहिल्यांदा बोलली. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये असताना जम्मू-श्रीनगर रस्त्यावर तिच्याकडे ट्रकांचा ताफा होता. दरड कोसळली आणि शेवटचा ट्रक गेला. चालवणारा जवान २३ वर्षांचा होता. कुठली गाडी कुठल्या क्रमाने जाणार, त्या कागदावर सही हिची होती.

तेव्हापासून ती मोजते. सोसायटीत खेळणारी मुलं मोजते, लग्नात पाहुणे मोजते. रात्री दोनला उठून दाराची कडी बघते. फटाका वाजला की खाली वाकते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. डॉक्टरांनी याला पीटीएसडी म्हटलं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाने पहारा सोडायचं नाकारणं. फौजेतून परतणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. ज्यांना होतो त्यांना उपचारांनी बरं वाटू शकतं.

पण ती म्हणाली, “रात्रीपेक्षा सकाळ अवघड होती गं. पाचला डोळे उघडायचे आणि कुणालाच मी नको असायचे.” मंडईत तिला भाजी घेता येईना, बँकेच्या रांगेत श्वास अडकायचा, मुलीवर जवानांवर ओरडावं तशी ओरडायची. उपचारांत गोळ्या होत्या, बोलणं होतं, आणि आठवड्याला एक छोटं काम होतं. आधी सकाळी सातला, मंडई रिकामी असताना जायचं. मग आठला. मग ऐन गर्दीत. तिथवर पोचायला तिला पाच महिने लागले.

आमच्या कामात एखादी जुनी प्रणाली नव्या यंत्रावर हलवायची असली, की आम्ही रात्र-रात्र जागतो. नंतरही काही आठवडे कुणीतरी तिच्यावर लक्ष ठेवून असतं. चौदा वर्षांनी माणूस घरी येतो तेव्हा आपण हार घालतो आणि जेवायला बसतो.

म्हणून सांगते, आपल्या ओळखीत अशी कुणी असेल तर शौर्याच्या गोष्टी विचारू नका. “झोप लागते का?” एवढं विचारा, आणि तिच्याबरोबर मंडईत जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. २०२३च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत सैन्यदलातल्या माणसांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झाला. फोन लावणं जड जात असेल तर शेजारी बसून लावून द्या.

ती आज आली आहे. दाराजवळच्या खुर्चीवर बसली आहे. जायचं म्हणून नव्हे, दार दिसलं की तिला बरं वाटतं. फटाके आणलेले नाहीत. पंगतीची मोजदाद मात्र आम्ही तिच्याकडेच सोपवली आहे. मघाशी तिने निरोप पाठवला, “अठ्ठावन्न यायचे होते, सत्तावन्नच आहेत. जो कोण मागे राहिला असेल त्याला फोन लावा, तो आल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत.”