भिंत बुजवायच्या आधी पाणी सोडा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत एका सदस्य ताईंनी मांडलेले मनोगत)



मी गटातून न्हाणीसाठी अंतर्गत कर्ज मागितलं, तेव्हा दोघी-तिघी हसल्या होत्या. "शॉवर कशाला गं? आपण काय शहरातल्या आहोत?" खरं सांगते, हौस नव्हती. सासूबाईंचा खांदा आखडलाय, तांब्या डोक्यापर्यंत जात नाही. मी अंघोळ घालायचे, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्यांना लाज वाटायची, हे मला कळायचं.

शॉवर बसवला. कॉक फिरवला, तर पाणी थेंब थेंब! आमची टाकी स्लॅबवरच टेकलेली. टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम तीन फूट. बायांनो, नुसता पाईप जाड केला म्हणून पाण्याला जोर येत नाही, जोर येतो उंचीने. मग टाकीखाली पाच फुटी लोखंडी स्टँड केलं. पण ध्यानात ठेवा, पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाचशे किलोचं ओझं. स्टँडचे पाय भिंतीवर किंवा बीमवर आले पाहिजेत, स्लॅबच्या मधोमध नाही.

दुसरी चूक गरम पाण्याची. सोलरच्या लाइनला घरात उरलेला साधा पीव्हीसी पाईप जोडला. गरम पाण्याने तो मऊ पडला, वाकला. गरम पाण्याला सीपीव्हीसीच पाईप लागतो. दुकानात नाव घेऊन मागा. त्याचं सोल्युशनही वेगळं असतं, तेही मागून घ्या. आणि गार व गरम, दोन्ही लाइनी एकाच टाकीवरून घ्या, म्हणजे दोन्हीकडे जोर सारखा राहतो.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली. गवंड्याला घाई होती. पाईप जोडले, लगेच प्लास्टर, लगेच फरशी. महिनाभरात भिंतीला ओल आली. एक एल्बो गळत होता. नवी फरशी फोडावी लागली.

म्हणून आता मी सगळ्यांना एकच सांगते. जोड वाळू द्या. आट्यांवर टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. मग तोंडांना प्लग लावा, पाणी सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी प्रत्येक जोडावरून कोरडं फडकं फिरवा. फडकं कोरडं राहिलं, तरच गवंड्याला भिंत बुजवू द्या. तो म्हणेल, "ताई, काही होत नाही." आपण म्हणायचं, "भाऊ, उद्या या." पैसे आपले आहेत, हप्ता आपल्यालाच फेडायचाय.

आणि एक. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलंय. चांगल्या जोराचा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज ओततो. साबण लावताना कॉक बंद ठेवायचा, ही सवय पोरांनाही लावा. आधी गार सोडायचं, मग गरम, म्हणजे अंग भाजत नाही.

आता सासूबाई स्टुलावर बसतात, हँड शॉवर चांगल्या हातात धरतात आणि दाराची कडी आतून लावतात. मी बाहेर भाकरी थापत असते. कडीचा तो आवाज आला, की माझं कर्ज वसूल झालं असं वाटतं.