उंबरा ओलांडताना



शिक्षा भोगून बाप घरी येतो तेव्हा शेजारपाजारचे म्हणतात, "सुटला एकदाचा!" पण त्याच्या लेकरापुढे उभा असतो तो एक परका माणूस.

कैद्यांच्या घरी माझं जाणं-येणं असताना एका घरात पाहिलेलं सांगते. आठ वर्षांनी परतलेला बाप पहाटेच उठायचा, अंथरुणाची घडी घालून दाराशी बसायचा. दार उघडंच असायचं, पण कुणी "जा" म्हटल्याशिवाय त्याचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. दहा वर्षांची लेक लांबून बघायची. 'बाबा' ही हाक तिच्या तोंडी येईना. आईलाच म्हणायची, "त्यांना सांग, ताट वाढलंय." महिन्याभराने एका सकाळी तिनेच पिशवी घेतली आणि म्हणाली, "दूध आणायला जायचंय. चला." बाप उठला.

आईला कैद झाली, तर लहान मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ तुरुंगात राहू शकतं. बापाच्या वाट्याला येते ती मुलाखत. पुष्कळदा मध्ये काच किंवा जाळी, आणि मोजकी मिनिटं. आपल्याकडच्या काही कारागृहांत 'गळाभेट' होते, तेव्हा मुलांना बापाच्या कुशीत शिरता येतं. ती भेट, फर्लो-पॅरोलच्या रजेचे दिवस, दोन ओळींचं पत्र, हे सगळं पुढच्या नात्याचं बियाणं असतं. घरापासून न तोडताही शिक्षा देता येते: आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूर ही खुली वसाहत औंध संस्थानाने 1939 मध्ये उभी केली. तिथे कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. नातं तुटलंच नाही, तर ते सांधत बसावं लागत नाही.

सुटून आलेल्या बापांना माझं सांगणं आहे: घाई करू नका. आल्या आल्या हक्क गाजवू नका, धाक दाखवू नका. दिलेला शब्द पाळा, मग तो शाळेपर्यंत सोडण्याचा का असेना. घरच्यांनीही 'बाबा दुबईला होते' असं खोटं सांगू नये. मुलांना बाहेरून कळतंच, आणि मग त्यांचा आई-बाप दोघांवरचाही विश्वास उडतो. ज्या घरात बापानेच मारझोड केली असेल, तिथे मात्र आधी लेकराची सुरक्षितता, भेट नंतर.

आणि शेजाऱ्यांनो, शिक्षकांनो, त्या मुलाला 'जेलवाल्याचा पोरगा' म्हणू नका. शिक्षा बापाला झाली होती, आणि ती संपली आहे.