सैनिकाच्या मनगटावरील घड्याळ

(हीरक महोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जयपूर शहरात राजवाड्यालगत एक घड्याळ उभे आहे. त्याला काटे नाहीत, किल्ली नाही, काच नाही. त्याची उंची सुमारे २७ मीटर आहे. जंतर मंतर वेधशाळेतील हे सम्राट यंत्र सवाई जयसिंग यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवून घेतले. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या कमानींवर दर मिनिटाला सुमारे ६ सेंटिमीटर सरकते, आणि त्या कमानींवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा कोरलेल्या आहेत. या यंत्राशी मराठी माणसाचे एक नातेही सांगितले जाते. जयसिंगांचे गुरू आणि दरबारातील ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातील, अशी परंपरा आहे. युक्लिडची भूमिती त्यांनीच ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. आज शाळेत जो विषय शिकवला जातो, त्याची एक वाट अशी जयपूरवरून गेलेली आहे.

एवढे प्रचंड घड्याळ दगड-चुन्यात बांधण्याचे कारण काय? जयसिंगांनी ते आपल्या ग्रहकोष्टकांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले आहे. आरंभी त्यांनी पितळेची यंत्रे करवून घेतली होती. ती यंत्रे लहान होती, त्यांचे आस झिजत, मध्यबिंदू सरकत, प्रतले हलत. यंत्र दिसायला देखणे असे, परंतु काही काळाने ते खोटे बोलू लागे. म्हणून त्यांनी झिजणार नाही आणि हलणार नाही असे यंत्र उभारायचे ठरविले.

झिजणे आणि हलणे हे काळ मोजणाऱ्या यंत्राचे दोन शत्रू होत. जयसिंगांनी यंत्र जमिनीत रोवून त्यांच्यावर मात केली. परंतु याच जयपुरात २००५ पासून भूसेनेच्या दक्षिण-पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे, आणि तेथून पश्चिमेकडे वाळवंटात जाणाऱ्या जवानाला सम्राट यंत्र बरोबर नेता येत नाही. त्याचे घड्याळ मनगटावर असते. ते धावते, आपटते, भिजते, तापते. जे दोष टाळण्यासाठी एका राजाने डोंगराएवढे बांधकाम केले, त्या सर्व दोषांना तोंड देत त्या एवढ्याशा वस्तूला खरे बोलावयाचे असते.

सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांतील कितीतरी घरांत मुलगा सैन्यात निवडला गेला की त्याला घड्याळ घेऊन देण्याची इच्छा होते. आता मुलीही अशा निवडल्या जातात, आणि त्यांच्या घरीही हीच इच्छा असते. दुकानात उभे राहिल्यावर डोळा साहजिकच चकाकीकडे जातो. वडील आपल्या ऐपतीपेक्षा थोडे पुढे जाऊनही खर्च करतात. ती माया खरी असते. परंतु निवड चुकली, तर ती मुलाच्या उपयोगाची राहत नाही, आणि प्रसंगी त्याच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम हे समजून घ्यावे लागते की सैनिकाला अचूक वेळ कशासाठी लागते. सम्राट यंत्र जयपूरची सौरवेळ दाखविते. ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असते. यंत्र चुकत नाही आणि मनगटावरील घड्याळही चुकत नाही. पण देशाने सर्वांसाठी एक वेळ मान्य केलेली आहे. मुंबई शहराने तर प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत पाळली. नागरी जीवनात असे दोन वेळांचे नांदणे खपून गेले. रणांगणावर ते खपत नाही.

पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळ सैनिकाच्या वेषाचा भाग झाले, ते याच कारणाने. त्यापूर्वी पुरुष खिशातील घड्याळ वापरीत आणि मनगटावरचे घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार मानला जाई. परंतु त्या युद्धात तोफांचा मारा ठरावीक मिनिटांनी पुढे सरके आणि त्याच्या आडोशाने पायदळ चाल करी. एखाद्या तुकडीचे घड्याळ दोन मिनिटे पुढे असले, तर ती आपल्याच तोफांच्या माऱ्यात सापडे. हातात बंदूक असताना खिसा चाचपडणे शक्य नव्हते. घड्याळ मनगटावर आले, त्याच्या काचेवर जाळी बसली आणि आकड्यांना अंधारात चमकणारा रंग लागला.

दुसऱ्या महायुद्धातील एक प्रसंग मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर हल्ला झाला. त्या दिवशी तोफांचा मारा ठरल्या वेळी सुरू होई आणि ठरल्या वेळी थांबे, जेणेकरून खरा हल्ला केव्हा येणार हे शत्रूला उमगू नये. अखेरीस विमाने बॉम्ब न टाकताच खाली झेपावली आणि शत्रू डोके खाली घालून बसलेला असतानाच पायदळ पुढे सरले. त्या पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव होते. त्यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना सुरुंग पेरलेल्या भूमीतून आणि पाण्यातून सुखरूप नेले, परत येऊन शत्रूची मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बंधाऱ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत इतरांना पुढे बोलाविले. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्य त्यांचे होते; परंतु नदीवर झेप घेण्याचा जो क्षण त्या तुकडीला मिळाला, तो तोफखाना, विमाने आणि पायदळ यांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली होती म्हणून मिळाला. सैनिकाचे घड्याळ त्याच्या एकट्याचे नसते, ते असे.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे निवडीच्या कसोट्या आपोआप सुचू लागतात.

पहिली कसोटी वाचनीयतेची. काळी किंवा पांढरी साधी तबकडी, ठसठशीत आकडे, दुरून वेगळे ओळखू येणारे काटे. २४ तासांचे आकडे असतील तर उत्तम, कारण सैन्यात दुपारचे दोन हे चौदा वाजता असतात. अंधारात दिसण्यासाठी पूर्वी रेडियमचा रंग वापरीत. तो लावणाऱ्या अमेरिकेतील कामगार स्त्रियांना १९२० च्या दशकात दुर्धर आजार जडले, तेव्हा त्याचा धोका जगाला कळला. आजचे बहुतेक रंग प्रकाश साठवून काही तास चमकतात आणि किरणोत्सारी नसतात. मात्र ही चमक शत्रूलाही दिसते. म्हणूनच अनेक सैनिक घड्याळाचे तोंड मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतात किंवा त्यावर झाकण असलेला पट्टा बांधतात. चकचकीत पॉलिश केलेले घड्याळ लग्नसमारंभात शोभते. उन्हात ते आरशासारखे काम करते. दर तासाला ‘टिक्’ वाजणारे घड्याळही पहाऱ्यावर घातक असते. तो आवाज बंद करता येतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे.

दुसरी कसोटी धक्क्याची. या बाबतीत एक जपानी कथा पालकांना आवडेल. किकुओ इबे या अभियंत्याचे वडिलांनी भेट दिलेले घड्याळ हातातून पडून फुटले. त्या दुःखातून त्यांनी न फुटणारे घड्याळ करण्याचा ध्यास घेतला. १० मीटरवरून पडले तरी चालावे, १० बार दाबाचे पाणी सोसावे आणि सेल १० वर्षे टिकावा, ही तीन उद्दिष्टे त्यांनी ठेवली. सुमारे दोनशे नमुने इमारतीच्या खिडकीतून खाली टाकून फोडले. उद्यानात रबरी चेंडू खेळणारी मुलगी पाहून त्यांना उपाय सुचला, की घड्याळाचे अंतरंग आतल्या आत जणू तरंगते ठेवावे. १९८३ मध्ये कॅसिओचे जी-शॉक बाजारात आले ते असे. आज जगभरच्या सैनिकांच्या मनगटांवर ते दिसते, आणि त्याचे साधे प्रकार फार महागही नाहीत.

तिसरी कसोटी पाण्याची. येथे बहुतेकांची फसगत होते. घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेले असले, म्हणजे ते घालून ३० मीटर खोल जाता येते असे नव्हे. तो प्रयोगशाळेतील स्थिर दाबाचा आकडा आहे. असे घड्याळ पावसाचे शिंतोडे आणि हात धुणे एवढेच सोसते. नदी ओलांडणाऱ्याला किमान १०० मीटरची खूण हवी. शिवाय पाणी अडविणाऱ्या रबरी कड्या काळाने सुकतात. रस्त्यावरच्या दुकानात घाईने सेल बदलला आणि पाठीमागचे झाकण नीट बसले नाही, तर महागडे घड्याळही पहिल्याच पावसात बंद पडते.

चौथी कसोटी हवामानाची. राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या आसपास जातो आणि बारीक वाळू प्रत्येक फटीत शिरते. सियाचीनमध्ये तो शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. थंडीत वंगण घट्ट होते, सेल अशक्त होतो, आणि आकडे दाखविणारा पडदा मंदावतो. क्वार्ट्झ घड्याळ सामान्यतः महिन्याला १५-२० सेकंदांहून अधिक चुकत नाही. पण त्यातील स्फटिक साधारण २५ अंशांसाठी जुळविलेला असतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते काढून ठेवले तर मागे पडू लागते. मनगटावर, बाहीच्या आत, शरीराच्या उबेत ते अधिक खरे चालते.

पाचवी कसोटी पट्ट्याची. चामडे घामाने आणि पावसाने कुजते. धातू तापतो आणि चकाकतो. नायलॉनचा एकसंध पट्टा दोन्ही पिनांच्या खालून जातो; एक पिन तुटली तरी घड्याळ हातावरून पडत नाही. चांगल्या घड्याळाला असा पट्टा लावण्याचा खर्च अगदी थोडा असतो, पण घड्याळ वाचते ते त्याच्यामुळे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आजचा तरुण स्मार्ट घड्याळ मागतो. ते पावले मोजते, नाडी पाहते आणि आपण कोठे आहोत हे उपग्रहांकडून जाणून घेते. जानेवारी २०१८ मध्ये असे उघडकीस आले की स्ट्रावा या व्यायामाच्या अ‍ॅपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर परदेशांतील लष्करी तळांभोवती सैनिकांच्या धावण्याच्या वाटा स्पष्ट उमटल्या होत्या. कोणी हेरगिरी केली नव्हती. सैनिक फक्त व्यायाम करीत होते आणि त्यांच्या मनगटावरची यंत्रे ते इमानाने नोंदवीत होती. ज्या वस्तूने वेळ सांगावी, तिने ठिकाण सांगितले. म्हणून स्थान नोंदविणारे घड्याळ घेऊन देण्यापूर्वी तुकडीचे नियम विचारावेत. आणि शंका असेल तर ते घेऊच नये. येथे अधिक पैसे खर्च करणे म्हणजे अधिक धोका विकत घेणे ठरू शकते.

मग जुने, किल्लीचे घड्याळ अगदी टाकाऊ ठरते काय? तसे नाही. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळे बनविण्यास आरंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’ ही तिची नावे अनेक घरांत आजही आदराने घेतली जातात. सरकारने २०१६ मध्ये तो उद्योग बंद करण्यास मान्यता दिली. त्या घड्याळांना सेल लागत नसे, रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. दिवसाला काही सेकंद ती चुकत. म्हणून रोज रेडिओवरील वेळेशी ताडून पाहण्याची शिस्त अंगी लागे. निवृत्त आजोबांचे असे घड्याळ घरी असेल, तर ते नातवाने सुट्टीत घालावे, जपावे. सीमेवर मात्र बदलता येईल, हरवले तरी हळहळ वाटणार नाही, असे साधे, मजबूत घड्याळ न्यावे. ज्या वस्तूला जपण्यात मन गुंतते, ती वस्तू सैनिकाला ओझे होते.

जयसिंगांनी पितळेचे देखणे यंत्र बाजूस सारून दगड निवडला, कारण त्यांना सौंदर्यापेक्षा सत्य हवे होते. मुलाला सैन्यात धाडणाऱ्या पालकाने दुकानात उभे राहून हाच विचार करावा. घड्याळ किती उठून दिसते, हे पाहू नये. अंधारात, पावसात, थंडीत, विचारायला जवळ कोणी नसताना ते खरे सांगेल काय, एवढेच पाहावे. कारण त्याच्या मनगटावरील वेळेवर त्याचे साथीदारही विसंबून असतात, आणि त्या साथीदारांच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते.