दह्यातला रिठा आणि दुधाचा कॅन



गोरेगावची आरे दूध वसाहत तुम्ही ऐकून असाल. मुंबईच्या दाटीतल्या तबेल्यांमधल्या म्हशींना मोकळी जागा मिळावी म्हणून १९४९ साली ती उभी राहिली. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी त्यासाठी फार खटपट केली. पण गोठा कितीही सुधारला, तरी भांडं अस्वच्छ असेल तर दूध नासणारच. मग ते आरेतलं असो, नाहीतर तुमच्या वस्तीवरचं.

कॅनच्या आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं, तर जंतूंनी तिथं ठाण मांडलंय असं समजा. नुसतं पाणी खळबळून ते निघत नाहीत. सकाळचं चांगलं दूध त्यात ओतलं, की डेअरीवर पोचेपर्यंत आंबूस होतं आणि कॅन परत येतो. वैरण-पेंडीचा खर्च मात्र झालेला असतो.

आता गंमत ऐका. जंतूंची पकड सोडवणारं द्रव्य काही जंतूच तयार करतात! रिठा पाण्यात चोळला की फेस येतो, पाण्याचा ताण कमी होतो आणि मळ सुटतो. दह्यातले काही उपयोगी जंतूही असंच द्रव्य सोडतात. शुद्ध पाण्याचा ताण ७२ धरला, तर त्यानं तो ५०च्या आसपास येतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात याचा बराच अभ्यास केला. असं द्रव्य लावलेल्या काचेवर अपायकारक जंतू फार कमी चिकटले. दही लावणारा एक जंतू तर दूध तापवण्याच्या यंत्राच्या पत्र्याला चिकटतो, आणि आपल्याच द्रव्यामुळे पुढं सुटूनही येतो.

मग कॅनला ताक चोळावं का? मुळीच नको! ताकात हे द्रव्य अगदी थोडं, आणि आंबवणारे जंतू मात्र भरपूर. पुढचं दूध हमखास आंबेल.

कॅन रिकामा झाल्याबरोबर आधी गार पाण्यानं विसळा. एकदम कढत पाणी घातलं तर दुधाचा थर पक्का बसतो. मग गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकून ब्रशनं घासा. अल्युमिनियमच्या कॅनला मात्र सोडा नको, तो धातू खातो. तिथं भांडी घासायची सौम्य पावडर घ्या. स्वच्छ पाण्यानं धुऊन कॅन उन्हात, जमिनीपासून उंच मांडणीवर उपडा ठेवा. आणि झाकणाची रबरी चकती काढून वेगळी घासा, बरं का. वास बहुधा तिथूनच येतो.