तेरेखोलच्या दोन काठांवरची सून

मोरजीत बोलायला बोलावलंत, म्हणून विषय इथलाच घेतलाय: आपल्या सुना. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेली एकही सून नाही असा वाडा पेडण्यात शोधूनच काढावा लागेल. तेरेखोल ओलांडली तरी देव तेच, हुमण तेच. बाईचा कायदा मात्र बदलतो. असं का?

1788 साली पोर्तुगीजांनी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतलं, म्हणून. पुढे लिस्बनची 1867 ची नागरी संहिता 1870 पासून इथेही लागू झाली. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी तिची. तिच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. मुलीलाही वारशातून सहजासहजी काढता येत नाही. पलीकडच्या काठावर हिंदू विधवेला पूर्ण मालकी मिळायला 1956 उजाडलं आणि सगळ्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळायला 2005.

एवढं ऐकलं की लोक म्हणतात, समान नागरी कायदा असावा तर गोव्यासारखा. जरा थांबा. त्याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हातात ठेवला. बाई निम्म्याची मालकीण, पण चाव्या त्याच्याकडे! आणि 1880 मध्ये लिस्बनने हिंदूंच्या रीतिरिवाजांची वेगळी संहिता काढली. तिच्यात आपलं नाव काय, तर 'जेंतियू', म्हणजे बिगर-ख्रिस्ती, मूर्तिपूजक. बायकोला पंचविशीपर्यंत मूलच झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा. वयाचे आकडे कायद्यात छापलेले आहेत. अशी लग्नं आज दिसत नाहीत, पण मला राग येतो तो 'रिवाज' या शब्दाचा. हा रिवाज कुणाला विचारून लिहिला? सुनांना तर नक्कीच नाही. पाखल्यांनी लिहिला आणि आपल्या पुरुषांना तो सोयीचा होता.

पाखले माणसांचीही उतरंड लावत. पेडण्याच्या देशप्रभूंना व्हिस्काउंट हा किताब मिळाला. सामान्य हिंदूला कागदावर बरोबरी मिळाली ती 1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेल्यावर. पुन्हा 1930 मध्ये सालाझारचा वसाहत कायदा आला. लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी त्याच वर्षी पणजीच्या विधिमंडळात त्याला विरोध केला. पण एक गोष्ट आपण घरात बोलत नाही. मोझांबिकमध्ये बहुतेक आफ्रिकन माणसं 'इंदिजेना' ठरवली गेली होती: नागरिक नव्हेत, आणि सक्तीच्या मजुरीला मात्र बांधलेली. ही वर्गवारी गोव्याला लागू नव्हती. आपले गोंयकार तिथे कारकून म्हणून जात, नागरिक म्हणून. उतरंडीतली मधली पायरी आपल्याला आवडत होती.

1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या आदेशाने आपण भारतीय नागरिक ठरलो. नको असेल त्याला तसं लिहून द्यायला महिन्याची मुदत होती. नागरिकत्व बदललं, पण कौटुंबिक कायदा तसाच राहिला. वारशाचा भाग राज्याने 2012 चा स्वतःचा कायदा करून नव्याने लिहिला, लग्नाचा अजून जुनाच.

आणि तो कायदा पत्रादेवीच्या नाक्यावर थांबत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोंयकाराची मिळकत भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा. म्हणजे मोरजीच्या माणसाने सावंतवाडीत फ्लॅट घेतला, तरी त्याच्या मुलीचा वाटा त्या फ्लॅटमध्येही आहे.

हे आज सांगतोय, कारण मोरजीत जमिनीला सोन्याचा भाव आलाय आणि दलाल दारात उभे आहेत. सातबाऱ्याच्या गावातून आलेल्या वहिनीसमोर कागद ठेवतात, 'हंय सही कर गो' म्हणतात. ती करते. त्या सहीला किंमत आहे, तिच्यावाचून व्यवहार अडतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. घरी गेल्यावर जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढा, सिव्हिल रजिस्ट्रारकडची लग्नाची नोंद काढा आणि वहिनीला शेजारी बसवून दोन्ही वाचून दाखवा. दादा चिडला तरी चालेल.