निवाऱ्याची किल्ली कुणाकडं?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय काहींना विचित्र वाटलाय. मघाशी दारातच एकानं विचारलं, वादळात टिकणारा निवारा कसा बांधायचा हे इंजिनिअरनं सांगावं, तू कवी, त्यात गोदीतला हमाल, तू काय सांगणार? सवाल रास्त आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस. पण वजन किती, दोर केवढा आणि तो कुठं तुटणार, एवढं मला कळतं. आणि ज्या इमारतीत आपल्या माणसाचा जीव ठेवायचा तिचा नकाशा आपल्या माणसाला वाचता आलाच पाहिजे. नाहीतर इंजिनिअर हा नवा भटजी होतो. तो मंत्र म्हणणार, आपण मान डोलावणार.

तर आधी वारा. वारा ढकलतो असं आपण म्हणतो. छपराला तो ढकलत नाही, उपसतो. जहाजाच्या हॅचवर ताडपत्री टाकताना एक कोपरा मोकळा राहिला की काय होतं ते आमच्या टोळीतल्या कुणालाही विचारा. वारा खाली शिरून उचलतो, वरून खेचतो. चार माणसं लोंबकळली तरी ताडपत्री जाते. वस्तीतला पत्रा असाच जातो. आपण त्यावर दगड ठेवतो, टायर ठेवतो. आता हिशोब ऐका. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, ०.६ नं गुणायचं. आलेल्या आकड्याला साधारण दहानं भागलं की दर चौरस मीटरवर किती किलोचा जोर ते निघतं. यातली मेख वर्गात आहे. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी १५० किलोमीटरला शंभर-सव्वाशे किलोच्या मधला आकडा येतो, ३०० ला सव्वाचारशे. म्हणजे मीटर बाय मीटरच्या चौकोनावर पन्नास किलोच्या साडेआठ गोण्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूनं गेलं तेव्हा कुलाब्याला ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. त्याचा जोर मीटरला साठ किलो. तीन चौरस मीटरचा पत्रा असेल तर एकशेऐंशी किलो. ठेवा टायर!

त्या दिवशी मी कामावर होतो. बंदरावर वादळाचे सिग्नल चढवतात हे तुम्हाला ठाऊक असेल. दिवसा काळ्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे. एक ते अकरा नंबर. आठ, नऊ, दहा म्हणजे महाधोका. अकरा नंबरचा अर्थ जास्त भयंकर आहे. हवामान खात्याशी संपर्कच तुटला, आता तुमचं तुम्ही बघा. (आपल्या वस्त्यांवर हा अकरा नंबर कायमचा चढवलेला आहे, पण ते असो.) सिग्नल चढला की क्रेनला खीळ घालतात, साखळदंडानं जखडतात. क्रेनची किंमत असते. आम्हा कंत्राटी पोरांना मुकादम म्हणाला, पाळी भरायचीय, शेडमध्ये थांबा. शेडचं छप्पर पत्र्याचं! त्याच दिवशी मुंबईपासून लांब भर समुद्रात पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. तेलविहिरींच्या कामावरची २६१ माणसं त्यावर होती. सत्तरच्या आसपास मेली. वादळ येतंय हे काही दिवस आधीच जाहीर झालं होतं. म्हणून मी म्हणतो की निवाऱ्याचं पहिलं बांधकाम सिमेंटचं नाहीच. काम टाकून निघण्याचा हक्क, आणि निघाला म्हणून रोज कापला जाणार नाही याची हमी. हे नसेल तर तुमच्या सव्वाचारशे किलोच्या स्लॅबखाली येणार कोण? ज्याचं पोट भरलेलं आहे तो येईल.

आता खऱ्या निवाऱ्याकडं येऊ. आपल्या देशात तो शिकायचा तर ओडिशात जाऊन शिकावा. २९ ऑक्टोबर १९९९ ला तिथं महाचक्रीवादळ आलं. वारा अडीचशेच्या वर, आणि समुद्र पाच-सहा मीटर उंच होऊन जमिनीवर चालत आला. दहा हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यातली बहुतेक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातली, एरसमाच्या बाजूची. त्या किनाऱ्यावर रेडक्रॉसनं आधीच बांधलेले वीसेक निवारे होते. त्यांत जी हजारो माणसं शिरली ती जगली. शासनाला मग जाग आली. खरगपूरच्या आयआयटीकडून पाहणी करून घेतली, निवारे कुठं आणि कसे हवेत ते ठरवलं. आज आठशेच्या वर बहुउद्देशीय निवारे तिथं उभे आहेत. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलीन आलं, दहा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली, ओडिशात मेलेल्यांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. दहा हजार आणि पन्नास. मधली माणसं कुठल्या देवानं वाचवली नाहीत.

या इमारतीची रचना बघा. खाली नुसते खांब, मजला मोकळा. का? एक घनमीटर खारं पाणी टनाहून थोडं जास्त भरतं, आणि ते धावत येतं. खाली भिंत घातली तर ती पाण्याशी कुस्ती खेळणार आणि हरणार. पाण्याला जाऊ द्यायचं, माणसं वर. पाया, खांब, तुळई, स्लॅब सगळं सळईनं एकमेकांत गुंफलेलं, ३०० किलोमीटरचा वारा धरून काढलेलं. छप्पर पत्र्याचं नाही, स्लॅबचं, आणि त्यावर चढता येईल असं; पाणी फारच वाढलं तर तीच शेवटची जमीन. जिना रुंद, कारण पाचशे माणसं एकाच तासात येतात. जिन्याबरोबर उतारही पाहिजे, म्हाताऱ्यांना आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना. हातपंप उंच ओट्यावर, नाहीतर खारं पाणी शिरून तो बाद होतो आणि वादळानंतर माणसं पाण्याविना मरतात. खिडकी लहान, झडप भक्कम. संडास वर.

आता कंत्राटदार कुठं खातो ते सांगतो. सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीत. समुद्राची खारी हवा पातळ काँक्रीटमधून आत झिरपते. सळई गंजते. गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते. गोदीत जुन्या खांबांच्या बरगड्या बाहेर आलेल्या मी रोज बघतो. बोटभर काँक्रीट चोरलं की उद्घाटनाच्या दिवशी काही दिसत नाही, फोटो छान येतो. वीस वर्षांनी वादळ येतं तेव्हा इमारत आतून मेलेली असते. आंध्रात १९७७ च्या दिवीसीमेच्या वादळात हजारो माणसं वाहून गेल्यावर निवारे बांधले. देखभालीविना त्यातले कित्येक पडीक झाले. म्हणून ओडिशातली युक्ती चांगली आहे. निवाऱ्यात एरवी शाळा भरते, बैठका होतात, गावातली समिती त्याची राखण करते. रोज वापरात असलेली इमारत गळायला लागली की पोरं बोंब मारतात. कुलूपबंद इमारत मुकी असते.

पण समिती म्हणजे कोण? किल्ली कुणाच्या कमरेला? इथं इंजिनिअरची वही संपते.

त्याच्या वहीत भार असतात. इमारतीचं स्वतःचं वजन, माणसांचं वजन, वाऱ्याचा जोर, भूकंपाचा धक्का. जातीचा भार कुठल्याच कोष्टकात नाही. आणि या देशात इमारत त्याच भारानं पडते, उभी असून पडते. ३ मे २०१९ ला पुरीजवळ फनी वादळ धडकलं. सरकारनं दहा-बारा लाख माणसं हलवली, जगानं पाठ थोपटली, थोपटण्यासारखं काम होतंच. त्याच वेळी पुरी जिल्ह्यातून बातम्या आल्या की दलित कुटुंबांना निवाऱ्यात शिरू दिलं नाही. तीनशेचा वारा सोसणारी भिंत, पण माणूस दाराशी अडला. त्याआधी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. तामिळनाडूत नागपट्टिनमच्या बाजूला दलितांना छावण्यांतून हुसकलं, पाण्याच्या टाक्यांना हात लावू दिला नाही, हे सगळं नोंदलेलं आहे. २००१ ला गुजरातचा भूकंप. तिथल्या छावण्या जातीजातीच्या वेगळ्या. समुद्र आला तरी चवदार तळ्याचा सत्याग्रह पुन्हा करायचा म्हणता? करायचा असेल तर वादळाच्या आधी करायचा. वादळात वेळ नसतो.

बाईचंही तेच. बांगलादेशात एप्रिल १९९१ च्या वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास माणसं मेली, त्यात बाया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. का? नवऱ्याला विचारल्याशिवाय घर सोडायचं नाही. परक्या पुरुषांच्या गर्दीत एका खोलीत बसायचं कसं, संडास कुठं. अंगावरची साडी पाण्यात पाय बांधते. गुरं टाकून कसं जायचं. पुढच्या निवाऱ्यांत बायांना वेगळी खोली आणि वेगळा संडास आला. ही सोय म्हणजे जीव वाचवणारी सळईच आहे. गुरांसाठी तिथं मातीचे उंच टेकाड बांधतात, त्याला किल्ला म्हणतात. गरिबाची म्हैस वाचली तर गरीब वेळेवर निघतो, इतकं ते साधं आहे.

मग उपाय काय? आपल्यातलेच काही म्हणतात, दलितांना वेगळा निवारा द्या. बायांच्या खोलीसारखा वेगळा भाग द्या. मला हे साफ नामंजूर आहे. बाई वेगळी खोली मागते ती तिला मोकळं बसता यावं म्हणून. आपल्याला वेगळी खोली मिळते ती त्यांना सोवळं राहता यावं म्हणून. माझं म्हणणं उलट आहे. निवारा आपल्याच वस्तीत बांधा आणि अख्ख्या गावाला येऊ द्या. गावात उंच जमीन कुणाची असते? आणि सखल, ओढ्याकाठची, खाजणाची कुणाची? पाणी आधी आपल्याकडं येतं. ज्याच्या दारात पाणी आधी, त्याच्या दारात जिना आधी, याहून सरळ गणित नाही. इंजिनिअर म्हणेल जमीन सखल आहे, भराव लागेल, खांब उंच घ्यावे लागतील, खर्च वाढेल. वाढू दे. सव्वाचारशे किलोचा वारा तुम्ही पैशानं अडवता, मग हाही भार पैशानं अडवा. अंतर मोजताना चावडीपासून मोजायचं नाही. सगळ्यात लांबच्या झोपडीपासून, आणि पोर कडेवर घेतलेल्या बाईच्या चालीनं मोजायचं. समितीत आपली माणसं निम्म्यावर, त्यातही बाया, आणि किल्ल्या तीन घरांत. आता कुणी म्हणेल, सवर्ण आपल्या वस्तीत येणारच नाहीत. ज्याला जिवापेक्षा जात प्यारी त्यानं घरी बसावं. त्याच्या पोरांना मात्र आपण वर घेऊ.

बाबासाहेबांचं नाव मी उगाच घेत नाही, पण इथं घ्यावंच लागतं. ८ नोव्हेंबर १९४५ ला ते मजूर खात्याचे मंत्री म्हणून कटकला गेले होते. विषय होता ओडिशाच्या नद्यांचा पूर. पूर म्हणजे पाण्याचा शाप, बांध घालून ते हाकलून द्या, असं तोवर चाललं होतं. बाबासाहेबांनी पाणी साठवा, शेतीला द्या, वीज काढा, नौका चालवा अशी मांडणी केली. आपत्ती हा ज्ञानाचा आणि योजनेचा विषय आहे, नशिबाचा नाही, हे त्यांनी तिथल्या भूमीवर जाऊन सांगितलं. आपण त्यांचे फोटो लावतो, हे भाषण वाचत नाही.

भूकंपाला सिग्नल नसतो. तिथं पळून जायला निवारा नाही, राहतं घर हाच निवारा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी. घरं दगडमातीची, भिंती हातभर नाही, दोन-अडीच फूट जाड. पण ती एक भिंत नव्हतीच. आतला एक थर, बाहेरचा एक थर, मध्ये माती आणि खडी. दोन्ही थरांना आरपार जाऊन धरणारा लांब दगड नाही. हादरा बसताच थर दोन बाजूंना सुटले आणि डोक्यावरचा मातीचा धाबा झोपलेल्यांवर आला. गवती छपराच्या हलक्या झोपड्यांनी त्या मानानं कमी माणसं मारली. दर दोन-तीन फुटांवर एक आरपार दगड आणि दारांवरून भिंतभर फिरणारा काँक्रीटचा एक पट्टा, एवढ्यानं भिंत एकसंध राहते.

पुनर्वसनाची गोष्ट मात्र तोंडपाठ करा. शासनानं नवी गावं वसवली, घरं दिली. कुणाला केवढं? भूमिहीन आणि हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ज्याची जमीन त्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत सारखं उघड्यावर आणलं होतं. सरकारनं फुटपट्टी घेऊन पुन्हा ज्याला त्याला त्याच्या जागी बसवलं. मराठवाड्यात जमीन कुणाकडं नसते हे या सभागृहात सांगायची गरज नाही.

मुंबईकडं येतो आणि संपवतो. आपल्याकडं कित्येकदा भिंतच मारते. २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळली, तीसेक माणसं गेली. संरक्षण कुणाचं, तर पाण्याचं. पावसाळ्यात पालिका प्रत्येक वॉर्डात काही शाळा तात्पुरता निवारा म्हणून ठरवते. त्या कुठल्या, ते वस्तीत कुणाला ठाऊक नसतं. या खोलीतही मघाशी हात वर करायला सांगितले तेव्हा एकच हात वर आला, तोही शाळेच्या शिपायाच्या पोराचा.

तर रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी जमायचं. पन्नास फुटी टेप मी आणतो, कुणाकडं वही असेल तर घ्या. वॉर्ड ऑफिसातून शाळांची यादी लेखी मागायची, अर्ज लिहून ठेवलाय, सह्या आत्ताच करा. मग एकेक शाळा. जिन्याची रुंदी मोजायची. छप्पर स्लॅबचं की पत्र्याचं ते लिहायचं. संडास किती, पाणी कुठं, रात्री किल्ली कुणाकडं असते आणि तो राहतो कुठं. वस्तीच्या शेवटच्या झोपडीपासून पावलं मोजायची, एखाद्या आजीला बरोबर घेऊन, तिच्या चालीनं. पोरींनीही यायचंय, संडासाचा रकाना त्यांनी भरायचा. ज्यांची रविवारी पाळी आहे त्यांनी आत्ताच सांगा, त्यांच्यासाठी संध्याकाळची दुसरी टोळी करू.